दम धर, बेडके

३ जून

ती. मामास,

(तीर्थरूप लिहायचं की तीर्थस्वरूप, हे मला शाळेत कोणी शिकवलंच नाही. आमच्याकडे 'डिअर अंकल' होतं. तू 'ती.'वर भागव.)

साष्टांग नमस्कार वगैरे. पत्र बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही आणि मी कोणाबरोबर पळूनही जात नाहीये. फोनवर तू नुसता "काय? काय?" करतोस, मग मी ओरडते, मग तुमच्या अख्ख्या मजल्याला माझी खबर कळते. इतकी वर्षं टँकवर पोरांना पोहायला शिकवून तुझ्या कानात जे पाणी साठलंय त्याला मी काय करणार? म्हणून पत्र.

नोकरी एकदम भारी आहे, मामा! स्कॅन सेंटरमधलं मशीन म्हणजे एक भलामोठा पांढरा बोगदा. त्यात माणूस आडवा सरकवायचा आणि काचेपलीकडे बसून त्याच्या आतले फोटो काढायचे. खोलीत प्रचंड मोठं लोहचुंबक आहे, त्यामुळे आत जाताना किल्ल्या, पट्टा, हेअरपिन, सगळं बाहेर. एका काकूंच्या अंबाड्यातून इतक्या पिना निघाल्या की शेवटी त्यांनाच हसू आवरेना. मशीन चालू झालं की कोणी आतून हातोडे मारतंय असा आवाज येतो. पेशंटच्या हातात एक रबरी फुगा देतो. घाबरलं की दाबायचा, मग आम्ही बाहेर काढतो.

आणि तुझा गुडघा! स्टाफच्या नातेवाइकांचा स्कॅन इथे करून देतात. तू ये, त्या गुडघ्याचा एकदाचा निकाल लावू. किती वर्षं लंगडणार?

आता खरं कारण. आईला सांगायचं नाही, शप्पथ.

गेल्या महिन्यात मी आतल्या खोलीत एका आजोबांच्या पायाखाली उशी सरकवत होते. काहीही झालेलं नव्हतं. आजोबा गोड होते, मशीन बंद होतं. आणि अचानक माझी छाती धाडधाड उडायला लागली. बोटांना मुंग्या, ओठ बधिर, खोली लांब लांब जायला लागली, जणू मी दुर्बीण उलटी धरून बघतेय. मला शंभर टक्के वाटलं, मी मरतेय. आजोबांना म्हटलं, "एक मिनिट हं," आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून खाली बसले. वरच्या मजल्यावर लगेच कार्डिओग्राम काढला. कागदावरची रेघ शहाण्या मुलीसारखी चालली होती. डॉक्टर म्हणाले, हार्ट उत्तम आहे, हा पॅनिक अटॅक. मग रक्त वगैरेही तपासलं. सगळं ठीक.

पण तो परत येतो. आता तर तो येईल या भीतीनेच येतो. मी इथे ट्रेनी आहे. एक सप्टेंबरला माझी पहिली ड्यूटी एकटीची. ती जमली तर नोकरी पक्की. नाही जमली तर बॅग भरून घरी, बाबांच्या झेरॉक्सच्या दुकानात 'पुढून-मागून' करत उभी.

मी तू शिकवलेलंच करते. दम धरते. लहानपणापासून माझं तेच औषध. पण हल्ली ते लागू पडत नाही. अजून जास्त धरायला हवा का?

तुझी,
बेडकी


१० जून

चि. बेडकीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीचे पाय आहे, पण सगळं वाचलं. दोनदा. दुसऱ्यांदा मामीला मोठ्यांदा वाचून दाखवलं, त्यामुळे मजल्याला तरीही कळलंच.

तुझ्या आईला सांगत नाही. ताई ऐकेल आणि दुसऱ्या दिवशी तुझी बॅग भरायला तिथे हजर होईल. तिला मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखतो.

आता तुझं. आधी सांग, खातेस का वेळेवर? का नुसत्या चहावर? टँकवर सकाळी उपाशी आलेलं पोर मी नुसत्या रंगावरून ओळखायचो. काठाला धरून उभं राहायचं, पांढरंफटक. त्याला आधी बाकावर बसवायचं, टॉवेलात गुंडाळायचं, मग बोलायचं. तुला आठवतं का ते बाक? कायम ओले. बसलं की चड्डीवर पट्ट्या उठायच्या. आणि पाय धुवायची ती उथळ टाकी, जिच्यात तू पोहायचा प्रयत्न केला होतास? मी म्हटलं, "अगं, हे पाय धुवायचं पाणी आहे." तू म्हणालीस, "मग मला एवढंच पुरे." तेव्हाच तुझं नाव बेडकी पडलं. टॉवेल, क्लोरीन आणि ओल्या केसांचा तो वास मला अजून कधी कधी कपाट उघडलं की येतो. कपाटात काही नाही. नुसता वास येतो.

अजून जास्त दम धरायला हवा का, असं विचारतेस. हे काय विचारणं झालं? अर्थातच! दम धरल्याशिवाय आजवर कोणाचं काय झालंय? तू लहानपणापासून उतावळी. जितकं वाटेल ना की आता नाही धरवत, तितका आणखी धरायचा. निभावून जातं सगळं.

गुडघ्याचं राहू दे. तो आता मुरलाय. त्याला फोटोबिटो नको.

तुझा,
मामा

(ता.क. मी मामी. ह्यांच्या चहाच्या भाषणाकडे लक्ष देऊ नको, स्वतः दिवसाला किती ढोसतात ते मी मोजणं सोडलंय. जप बाळा. आणि गुडघ्याचं निघालं की हे विषय बदलतात. तू बदलू नको.)


२ जुलै

मामा,

नमस्कार. आज लांबलचक लिहिणार नाही.

तू म्हणालास तसंच केलं, आणि पार वाट लागली.

पोटाचा स्कॅन होता. पेशंट एक मावशी. मी मायक्रोफोनवर, माझी सीनियर मॅडम शेजारी. हिला सगळे पाठीमागे 'रेघ' म्हणतात, कारण तिचा भांग, तिची सही आणि तिचा स्वभाव, तिन्ही सरळ. तर छाती उडायला लागली. मी म्हटलं, ठीक आहे, मामाने सांगितलंय, जितकं नाही धरवणार तितकं आणखी धरायचं. धरला दम. गाल फुगवून, तोंड मिटून, नाकसुद्धा आवळून. डोळ्यांपुढे ठिपके आले तरी धरला. मला वाटलं, आता निभावेल. आता निभावेल. मग मायक्रोफोनवर आडवीच झाले. माझं कपाळ बटणावर पडलं आणि आत बोगद्यात त्या मावशींना माझी धाप ऐकू गेली. त्यांनी जो फुगा दाबला तो सोडायलाच तयार नव्हत्या.

रेघ उठली. मला पाणी दिलं, मावशींना बाहेर काढलं, त्यांची समजूत घातली. नंतर म्हणाली, "सध्या तू रिसेप्शनला बस. ऑगस्टमध्ये बघू." तिचं 'बघू' म्हणजे काय ते मला कळतं.

मी दिवसभर काउंटरवर बसून लोकांना विचारते, "अंगात काही धातू आहे का?" एकाने सांगितलं, "बायको म्हणते डोकं लोखंडाचं आहे." मी हसलेसुद्धा नाही.

मामा, तुझा मंत्र माझ्यावर का चालत नाही? पूर्वी चालायचा. दाताच्या डॉक्टरकडे, रिझल्टच्या दिवशी, शाळेत कविता म्हणताना, तू दारात उभा राहून म्हणायचास "दम धर," मी धरायचे. चक्कर यायची थोडी, पण तू असायचास.

मी राजीनामा लिहायला घेतलाय.

बेडकी


६ जुलै

अगं बेडके!

गाल फुगवून? नाक आवळून?

तुझं पत्र हातात घेऊन मी सरळ स्वयंपाकघरात गेलो आणि मामीला म्हटलं, "दम धर म्हणजे काय?" ती म्हणाली, "मी काही मागितलंच नाही आत्ता." पाहिलंस? जगात सगळ्यांना कळतं. दम धर म्हणजे थांब. धीर धर. घाई करू नको. श्वास कोंडून उभी राहा असं नाही गं पोरी!

मग मी बसलो आणि मला आठवलं, आणि मला कसंतरीच झालं. खोल बाजूची शिडी. तू पहिल्यांदा उतरणार होतीस. पुढे दोन पोरं रेंगाळत होती. मी म्हटलं, "दम धर, त्यांना उतरू दे." तू गाल फुगवलेस आणि शिडीवर तशीच उभी. जांभळी व्हायला लागलीस. सगळे हसले. मीही हसलो, मला वाटलं नक्कल करतेयस. आणि त्यानंतर दोनच मिनिटांनी तू पाण्यात शिरताना मी काय ओरडलो? "दम धर!" तेव्हा मात्र खरोखरचा दम. पाण्याखाली जायचं म्हणून. आता सांग, एवढ्याशा पोरीने काय समजायचं? शाळेत ए बी सी डी, घरी ताईचं अर्धं इंग्रजी, आणि टँकवर माझं एकाच शब्दाचं दुकान.

आता नीट वाच. मी दम दिला म्हणजे रागावलो. तुला दम लागला म्हणजे धाप लागली. तुला दम निघत नाही म्हणजे तू तू आहेस. आणि मी म्हटलं दम खा, तर खायला काही नाही, नुसतं बसायचं. हे शाळेत नाही शिकवत ना? बरोबर.

तुझ्या त्या अटॅकमधलं मला काही कळत नाही, ते डॉक्टरांना विचार. पण दम कोंडून कोणाचं भलं झालेलं मी टँकवर पाहिलं नाही. पोरं बुडायला लागतात ती पाण्याने नंतर, आधी स्वतःच्या कोंडलेल्या हवेने. छाती फुगवून ठेवतात आणि मग आणखी घ्यायला जागाच नसते. म्हणून मी पहिल्या दिवशी काय शिकवायचो? बुडबुडे. तोंड पाण्यात घालायचं आणि हळूहळू सोडायचं, ओठातून, बुड-बुड-बुड. आत घ्यायची हवा आपली आपण येते, तिला बोलवावं लागत नाही. बाहेर जाणारीला मात्र सांगावं लागतं, "सावकाश जा हं."

राजीनामा फाड. नाही तर निदान मागच्या बाजूला काहीतरी लिहून वापरून टाक.

मामा

(ता.क. मामी. परवापासून हे भांडी विसळताना पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढून बघतायत, "लिहिण्याआधी खात्री करतो" म्हणे. भांडी मलाच घासावी लागली.)


२० जुलै

प्रिय मामा (हे बरं आहे, ती.-बी. नको),

फाडला!

मी हसले की रडले ते मलाच कळलं नाही. इतकी वर्षं! दहावीच्या निकालाला मी जिन्यात दम कोंडून उभी होते आणि बाबांना वाटलं मला नंबरच दिसत नाहीये. खरं सांगू, थोडं वाईटही वाटलं. मला वाटायचं, तू मला एकटीलाच एक गुपित दिलंयस. आणि ते तर फक्त 'थांब' निघालं.

मग मला आणखी एक सापडलं. पोटाच्या स्कॅनला आम्ही पेशंटला सांगतो, "श्वास घ्या, सोडा, आता धरून ठेवा," म्हणजे फोटो हलत नाही. आणि मी, काचेपलीकडे बसून, प्रत्येक पेशंटबरोबर स्वतःही धरत होते! सकाळपासून संध्याकाळपर्यंत! त्यांना परत "घ्या" म्हणायचे, स्वतः मात्र विसरायचे. रेघला सांगितलं तर ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "मीपण नवीन असताना धरायचे. पेशंट मोकळा झाला की माझीच मान दुखायची."

आणि मी एका समुपदेशक बाईंकडे जायला लागले. खूप छान आहेत, मामा, मी त्यांना इतके प्रश्न विचारते की त्यांनीच एकदा घड्याळाकडे बघितलं. त्यांनी समजावलं ते मी तुला माझ्या भाषेत सांगते. आमच्या सेंटरला फायर अलार्म आहे. कोणी ओल्या केसांना ड्रायर लावला तरी बोंबलतो. आग कुठेच नसते. पण आवाज खराच असतो! धावाधाव खरी, धडधड खरी. शरीर पळायची तयारी करतं, म्हणून हृदय जोरात, श्वास जोरात, आणि जास्त श्वासाने मुंग्या. आधी मी दम कोंडायचे, मग तो सुटला की धापा टाकायचे, म्हणजे मीच अलार्मला चावी मारत होते. त्यात मरायला होत नाही. तो चढतो, एका उंचीला जातो आणि उतरतो. आपण पळून गेलो की मात्र डोक्याला वाटतं, बघ, पळालो म्हणून वाचलो. म्हणून थांबायचं.

म्हणजे तुझंच. दम धर. खऱ्या अर्थाने.

जादू नाही झाली हं. बुडबुड्यांनी अटॅक गायब होत नाही. परवा आला, मी काउंटरवर बसून ओठातून हवा सोडत राहिले, समोरच्या काकांनी विचारलं, "तुम्हाला शिट्टी वाजवता येत नाही का?" पण मी उठून गेले नाही. तो आला, बसला, गेला. पाहुण्यासारखा. चहा विचारला नाही. (हो, चहा कमी केलाय. बाईंनीही तेच सांगितलं. तू फुशारकी मारू नकोस.)

रेघ म्हणतेय, ऑगस्टमध्ये परत आत घेईन, आणि एक सप्टेंबर कायम.

मामा, तू ये ना त्या दिवशी. बाहेर वेटिंगच्या खुर्चीत नुसता बस. दाताच्या डॉक्टरकडे बसायचास तसा. आणि त्याच दिवशी गुडघाही उरकू, मी अपॉइंटमेंटसुद्धा लिहून ठेवलीय!

बेडकी


५ ऑगस्ट

चि. बाळास आशीर्वाद.

ही मी मामी. ह्यांनी तुझं पत्र उशीखाली ठेवलंय आणि उत्तर लिहीत नाहीत म्हणून मीच लिहायला बसले. हे खाली कोपऱ्यावर वर्तमानपत्र आणायला गेलेत. कोपऱ्यावरच. त्याच्या पुढे हे जात नाहीत, बाळा, बरीच वर्षं झाली.

तू गुडघ्याची अपॉइंटमेंट काढलीस ती काढून टाक. ह्यांचा गुडघा ठणठणीत आहे.

टँक सोडला त्या वर्षी एक दिवस सकाळी हे काठावर उभे होते, शिट्टी तोंडात. पाण्यात पोरं. कोणी बुडत नव्हतं, काही नव्हतं. आणि ह्यांना शिट्टी फुंकताच येईना. घामाने डबडबले, वाटलं गेलोच. डॉक्टरने हार्ट तपासलं, म्हणाले काही नाही, दगदग कमी करा. तेव्हा त्याला नाव नव्हतं गं. आम्ही कुजबुजलो, 'घाबरतात'. आता पोहायचा मास्तर घाबरतो हे कोणाला सांगायचं? मग ह्यांनी गुडघा काढला. लंगडायला लागले. लोकांना पटलं, सोपं पडलं. कधी डावा लंगडतात, कधी उजवा, मी कधी बोलले नाही. एकदा बसमध्ये परत तसंच झालं, तेव्हापासून बसही बंद.

तुझी पत्रं आली की हे चोरून वाचतात. माझ्यासमोर एकदा, मग एकटे. तो फायर अलार्मचा परिच्छेद तर चार घड्यांवर विरायला आलाय. काल मला म्हणाले, "म्हणजे मला जे झालं होतं, ते हेच असेल का गं?" मी म्हटलं, "मला काय विचारता, बेडकीला विचारा." ह्यांनी पत्र परत उशीखाली सरकवलं.

यायचं म्हणतात. येणार नाहीत. तू वाट बघू नको, म्हणजे तुझ्या दिवशी डोक्याला ताप नको. माझ्याकडून एवढंच.

मामी


१२ ऑगस्ट

मामा,

अपॉइंटमेंट कॅन्सल. गुडघ्याबद्दल मी परत कधीही विचारणार नाही. कोणत्याही.

मी परत आतल्या खोलीत गेलेय, रेघ शेजारी असते. दोनदा पाहुणा आला, दोनदा गेला.

मला काल आठवलं, टँक बंद व्हायची वेळ झाली की तू शेवटी एकटाच पाण्यात उतरायचास. पाठीवर पडून राहायचास, हात पसरून, काहीच न करता. आम्ही पोरं केस पुसत जाळीतून बघायचो. मी एकदा विचारलं, "मामा, तू पोहत का नाहीस?" तू म्हणालास, "पाणी धरतंय की मला, मी कशाला मेहनत करू?" माणूस इतका निवांत असू शकतो हे मी तुझ्याकडे बघून शिकले. तो तू आणि मामीने सांगितलेला तू, दोघंही एकच आहेत हे मला आधी पटेना. आता पटतं. माझ्यातही तशीच दोन माणसं आहेत.

म्हणजे होय, मला वाटतं, तुझं हेच होतं. नक्की काय ते डॉक्टरच सांगतील, आणि तू त्यांना दाखवायला पाहिजेस. पण तू घाबरट नव्हतास. तुझा अलार्म वाजत होता आणि कोणी तुला सांगितलं नाही की आग नाही.

येऊ नकोस असं मी म्हणणार नाही. ये असंही म्हणत नाही. खुर्ची आहे, एवढंच सांगते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

बेडकी


३१ ऑगस्ट, दुपार

चि. बेडकीस,

पेन कंडक्टरचं आहे, कागद कँटीनवाल्याचा. तेलाचा डाग माझा नाही.

मी निघालो होतो. मामीला म्हटलं, तू येऊ नकोस, तू आलीस तर मी तुझ्याकडेच बघत बसेन. खिडकीची जागा घेतली. शहर संपेपर्यंत ठीक. मग घाट लागला आणि आला तुझा पाहुणा. काय आला गं! छातीत ढोल, हात बधिर. मी ओठातून सोडत बसलो. शेजारच्या बाईंनी पोराला माझ्यापासून लांब सरकवलं. दोन वळणं तसाच बसलो, हे मी लिहून देतो. तिसऱ्याला "थांबवा!" म्हणून ओरडलो.

कंडक्टर भला माणूस निघाला. म्हणाला, "काका, स्टँड येतोय, तिथपर्यंत दम धरा." बेडके, मला हसू फुटलं. ढोल वाजत असताना मी हसलो. कंडक्टरला वाटलं असेल, हा गेला कामातून.

तर मी आता या अर्ध्या वाटेवरच्या स्टँडवर आहे. गाडी इथे जेवणाला थांबलीय, बाकावर बसून तासभर होत आला. ढोल थांबलाय, पण परत गाडीत चढायचं म्हटलं की पाय उचलत नाही. उद्या सकाळी तुझ्या खुर्चीत मी नसेन. ते तुला आधीच कळावं म्हणून हे पत्र त्याच कंडक्टरच्या हाती देतोय, तो सकाळी तुमच्या सेंटरवर टाकेल.

माझा एक जुना विद्यार्थी इथे लॉज चालवतो. मला बघून आधी पाय जुळवून उभा राहिला, मग म्हणाला, "सर, तुमचा गुडघा?" मी म्हटलं, "बरा आहे रे." इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. आज त्याच्याकडे राहतो.

परत घरी जाणारी गाडी समोर उभी होती. आत्ता गेली. मी बसलो नाही. पण पुढेही आलो नाही, तेव्हा याला काय म्हणायचं ते तूच ठरव.

उद्या नीट कर.

मामा


१ सप्टेंबर, संध्याकाळ

मामा,

हे पत्र तुझ्या त्याच कंडक्टरच्या परतीच्या गाडीने येतंय. तो खाली उभा आहे, हाका मारतोय, म्हणून भरभर लिहिते.

तुझं पत्र सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी मिळालं. तेलाच्या डागासकट. मी ते वेटिंगच्या खुर्चीत ठेवलं. कोणी बसायला आलं की सांगायचे, "इथे माणूस आहे."

दोन स्कॅन सुरळीत झाले. तिसरा एक ट्रक ड्रायव्हर, हा एवढा! पोटाचा स्कॅन. आत सरकवला आणि लगेच फुगा. बाहेर काढलं. घामाघूम. म्हणाला, "ताई, मी रात्रंदिवस डोंगरात गाडी चालवतो, पण हे नाही होणार." मी म्हटलं, "दादा, मलाही असंच होतं. याच खोलीत झालंय." तो उठूनच बसला. "तुम्हाला? आणि तुम्ही मला आत घालणार?" मी म्हटलं, "मी काचेपलीकडेच आहे. बोलत राहीन. फुगा दाबलात की बाहेर. दहादा दाबा, दहादा काढीन."

परत आत गेला. आणि मग काचेपलीकडे मलाच आला. जोरात. शेजारी रेघ नाही, कोणी नाही. खोली लांब जायला लागली. माझा हात दरवाज्याकडे गेला, मामा, खोटं कशाला सांगू. पण तो माणूस आत होता आणि मी त्याला शब्द दिला होता. मी बसून राहिले. त्याला म्हटलं, "श्वास धरा," स्वतः धरला नाही. ओठातून सोडत राहिले. आणि मायक्रोफोन चालूच! त्याला आत बोगद्यात बुड-बुड-बुड ऐकू गेलं आणि तो हसायला लागला. पोट गदगद हललं, फोटो बिघडला. परत घ्यावा लागला. तोपर्यंत माझा उतरलासुद्धा.

संध्याकाळी रेघने फोटो तपासले. "हा का हललाय?"

"मॅडम, पेशंट हसला."

"आत? हसला?" तिने चष्मा काढला. मग रजिस्टर ओढलं आणि माझ्या नावापुढे ट्रेनी लिहिलं होतं ते खोडलं. म्हणाली, "उद्या दुपारची ड्यूटी तुझी. वेळेवर ये."

आईला मी स्वतः फोन केला. सगळं सांगितलं. ती बॅग भरायला येणार नाही म्हणाली, पण स्वेटर पाठवतेय.

आता तुझं. याला काय म्हणायचं ते मी ठरवत नाही. लॉजवरच राहा. माझी ड्यूटी दुपारी आहे, मी पहाटेच्या गाडीने तुझ्या स्टँडवर येते. दोघं बाकावर बसू. वाटलं तर पहिली गाडी जाऊ देऊ, दुसरीही जाऊ देऊ. मग जी येईल तिच्यात चढू, तू खिडकीत, मी शेजारी. गाडी कुठल्या बाजूची, ते तू सांग.

बेडकी